मोहरी फेसणारीनं बोलायचं नसतं

"काय बोलायचं असंल ते आत्ताच बोलून घे," गिरजाआत्या म्हणाली. "एकदा काठवटीत हात घातलास की तोंड बंद."

"पाणी घागरीतलंच आहे ना?" मी विचारलं. "बंबातलं नाही ना ओतलं कुणी?"

"घागरीतलंच हाय."

"आणि मीठ? गेल्या खेपेला इराप्पामामानं मागून मूठभर मीठ टाकलं होतं. मोहरी चढायच्या आधी मीठ पडलं की संपलंच सगळं."

"न्हाई टाकलं गं माझे आई! बस आता. दुपारी अक्षता हायत, आणि हिचं आपलं अजून घागर की बंब चाललंय."

मी पदर खोचला आणि पाटावर बसले.

माझ्या धाकट्या बहिणीचं, शकूचं लग्न होतं त्या दिवशी. तासगावातल्या आमच्या घराच्या परसात, शेवग्याखाली, सकाळपासून बायकांचा कालवा चालला होता. पलीकडे आचाऱ्यांच्या चुली पेटल्या होत्या. माझ्यासमोर लाकडी काठवट होती आणि तीत पाट्यावर वाटलेली मोहरी. ती मी आमच्या दुकानातून स्वतः निवडून, पाखडून आणली होती. तीन वाटे बारीक राई आणि एक वाटा मोठी मोहरी. नुसती मोठी मोहरी घेतली तर फेस झकास येतो, पण नाकात काही जात नाही. नुसती राई घेतली तर झणका येतो, पण मागून जीभ कडू होते. दोघींना एकत्र नांदवावं लागतं. पिवळी मोहरी मी जवळच करत नाही. दिसायला गोरीगोमटी आणि गुणाला मुळमुळीत.

आता ही मोहरी कशासाठी, ते सांगते. आमच्या भावकीत जुनी रीत आहे. लग्नात मुलीकडची माणसं रडून रडून अर्धी होतात, मग व्याह्यानं तेवढं कोरड्या डोळ्यांनी जेवून मुलगी घेऊन जायचं? म्हणून व्याह्याच्या पानात केळ्याचं रायतं वाढायचं, फेसलेल्या मोहरीचं, आणि भर पंगतीत त्याच्या डोळ्यांतून पाणी काढायचं. पाणी आलं की मुलीकडच्यांनी टाळ्या वाजवायच्या. नाही आलं तर व्याही पुढं जन्मभर टोमणे मारणार, तुमची मोहरी आमच्या पोराला दुधात घालून पाजली म्हणून.

आणि ही मोहरी फेसायला बसवायची घरातली सगळ्यात चिडकी बाई. रागीट हाताची मोहरी चढते, असं आमच्याकडं पक्कं मानतात. तिनं हात थांबवायचा नाही, उठायचं नाही आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. बाकीच्यांनी मात्र तिच्याभोवती बसून तिला वाटेल ते बोलायचं. जितकं झोंबेल तितकं चांगलं. तिनं उलटून उत्तर दिलं की मोहरी बसली म्हणून समजा.

आई गेल्यापासून हा मान माझ्याकडे होता. मान म्हणायचा आपला! चुलत्याच्या, आतेभावाच्या, मामेबहिणीच्या, ज्याच्या त्याच्या लग्नात माझं आमंत्रण आधी यायचं ते ह्याच कामासाठी. "सुमित्राआक्का येणार न्हवं? मग मोहरीची काळजी मिटली." नाकाच्या शेंड्यावर राग ठेवणारी बाई हवीच ना घरात एक. पापड लाटायला एक, उखाणे घ्यायला एक, तशी चिडायला मी.

मी दर वेळी सांगायचे, अहो, रागाचा आणि मोहरीचा काही संबंध नाही. पाणी गार हवं, राई नवी हवी आणि हात एकाच दिशेनं फिरायला हवा. बर्फासारख्या शांत बाईनं फेसली तरी चढेल. ह्यावर सगळे एकमेकांकडे बघून हसायचे आणि म्हणायचे, बघा, चिडली.

मी चिडकी आहे हे मी कधी नाकारलं नाही. पण माणूस चिडतो तेव्हा कशावर तरी चिडतो, हे कुणी ध्यानातच घ्यायचं नाही. आचारी तेल चोरतो म्हणून मी ओरडले तर, आक्का ओरडली एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहायचं आणि तेल जायचं ते जायचंच.

तर मी हात घातला. पहिल्यांदा मोहरी चिकट लागते, हाताला धरून ठेवते. थोडं थोडं पाणी शिंपडत तळहात फिरवत राहायचं. हळूहळू ती सैल होते, रंग फिका पडतो, कडेनं फेस धरतो. माझ्याभोवती खेळ सुरू झाला.

इराप्पामामा पहिला. आईचा धाकटा भाऊ, कवलापूरचा, चेष्टेशिवाय ज्याला अन्न पचत नाही असा माणूस.

"सुमित्रे, खरं सांगू? तुझ्या लोणच्याच्या मसाल्यापरीस त्यो स्टँडवरचा पुडीवाला बरा. आमची बायको त्येचाच नेती. तुला वाईट वाटंल म्हणून बोलत न्हाई."

मी हात जोरात फिरवला. बायका खिदळल्या.

"त्या कवठ्याच्या मास्तराला तिसरा झाला की गं," आत्या म्हणाली. "तुला बघायला आलेला त्यो. तू त्येला इचारलंस, मोहरी आन् राईतला फरक सांगा, आन् त्यो पोहं तसंच टाकून पळाला. आता बघ कसा सुखात हाय."

हे खोटं होतं. मी असं काही विचारलं नव्हतं. त्यानं विचारलं होतं, लग्नानंतर दुकान सोडशील ना, आणि मी म्हटलं होतं, का सोडू? एवढंच झालं होतं. पण त्यानंतर मुलगी तापट आहे असं गावभर झालं, आणि स्थळं यायची थांबली. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही, आणि ते आप्पांमुळे. आमचे वडील आप्पा त्या दिवशी गादीवर बसल्या बसल्या म्हणाले होते, "जाऊ दे गं. तुला काय कमी हाय? तुझं दुकान हाय तुला." तुझं दुकान. ते दोन शब्द मी गाठीला बांधून ठेवले होते.

दुकान म्हणजे मिरची कांडप आणि मसाल्याचं, पेठेत. नावाची पाटी आप्पांच्या वडिलांची, गादीवर बसायचे आप्पा, पण दम्यानं त्यांना मिरचीचा खाट सोसायचा नाही. आई गेल्यानंतर कांडप मी चालवलं. हळदीला सांगलीला मी जायचे, मोहरीच्या आडत्याशी मी भांडायचे. ज्येष्ठ लागला की लोणच्याच्या मसाल्याला बायकांची रीघ लागायची आणि त्या दारातूनच विचारायच्या, आक्का आहे का? लग्न नाही, मूल नाही, पण सकाळी उठून उघडायला एक दार होतं, आणि ते माझं आहे असं मला सांगितलेलं होतं.

"आक्का, तू घोरतेस," शकू म्हणाली. ती नुकतीच न्हाऊन आली होती. केस मोकळे, हळदीनं पिवळी झालेली, मागच्या दाराच्या पायरीवर टेकली होती. "लहानपणापासून मी कानात बोळे घालून झोपले. आज सुटले बाई."

सगळ्या हसल्या. मीही मनात हसले, वरून डोळे वटारले. मोहरी आता पिवळसर पांढरी झाली होती. वाफ नसते तिला, पण काहीतरी वर येतं, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यात टोचायला लागतं. आत्यानं वाकून वास घेतला आणि मागे झाली.

"चढाय लागली," ती म्हणाली. "अजून एक सणसणीत पायजे. कुणीतरी झोंबंल असं बोला की!"

आणि तेव्हा आप्पा आले.

आप्पा ह्या खेळात कधी येत नसत. तो बायकांचा आणि इराप्पामामाचा खेळ. आप्पा आपले मांडवाच्या दारात उभे राहून येईल त्याला हात जोडायचे. मवाळ माणूस. दुकानात कुणी उधारी बुडवली तरी त्यांनी तोंड वर करून विचारलं नाही. तसलं सगळं मी विचारायचे आणि शिव्या खायचे. त्या दिवशी ते खांद्यावर नवा टॉवेल टाकून परसात आले, शेवग्याला हात टेकून उभे राहिले आणि काठवटीकडे बघत म्हणाले,

"दुकान मी राजशेखरला द्यायचं ठरवलंय. आषाढापासनं त्यो बसंल गादीवर. तुला आता इसावा."

राजशेखर म्हणजे नवरा मुलगा. शकूचा होणारा नवरा.

मग इराप्पामामानं मांडीवर थाप मारली. "आरं तिच्या! दाजी! ह्येला म्हनत्यात बोलणं! समद्यांचं चिडवणं एका बाजूला आन् तुमचं एका बाजूला!" आणि बायका जे हसत सुटल्या, कुणाकुणाच्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि मीसुद्धा हसले. मला इतका आनंद झाला होता! आप्पा खेळायला आले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझी चेष्टा केली होती, आणि काय नेमकी केली होती, जिथं सगळ्यात जास्त झोंबेल तिथंच बोट ठेवून. मुलीला इतकं ओळखणारा बाप, असं मला वाटलं. तोंड उघडायचं नाही म्हणून मी ओठ मिटून, खांदे हलवत हसत होते आणि हात गरागरा फिरवत होते.

आप्पा थोडा वेळ उभे राहिले. माझ्याकडं बघितलं. मग "बरं" म्हणाले आणि टॉवेल सारखा करत निघून गेले.

शकू तेवढी हसली नव्हती. ती मान खाली घालून नखातली हळद काढत बसली होती. मला वाटलं, मोहरी डोळ्यांत गेली असेल.

"चढली! चढली!" आत्या ओरडली आणि नाकाला पदर लावून लांब पळाली.

मोहरी खरोखरच अशी चढली होती की आचारीसुद्धा चुलीपासून उठून खोकत बाहेर गेला. मी हात धुतले, मीठ घातलं, दही आणि केळी घालून रायतं कालवलं, वर झाकण ठेवलं. त्या दिवशी मी फार खुशीत होते. अक्षतांना शकूच्या मागे उभी राहून मी सगळ्यांत जास्त अक्षता टाकल्या.

पंगत बसली. व्याही मल्लाप्पा मेनकुदळे मधोमध, चांदीच्या ताटावर. मिरजेचे मोठे किराणा व्यापारी, धिप्पाड, भरघोस मिशांचे, बोलायला मोकळे. त्यांच्या शेजारी नवरा मुलगा, मुंडावळ्या मागे टाकून, घाम पुसत. आप्पा तुपाची वाटी घेऊन पानापानाशी वाकून आग्रह करत होते. रायतं वाढायचा मान माझाच. मी पातेलं घेऊन आले तशी मुलीकडची सगळी माणसं गोळा झाली.

"वाढा, वाढा," व्याही म्हणाले. "लई ऐकलंय तुमच्या मोहरीचं. आमचं नाक काही कच्चं न्हाई बघा."

मी दोन डाव वाढले. त्यांनी ऐटीत मोठा घास घेतला. एक क्षण काही झालं नाही. मग त्यांच्या मिशा थरथरल्या, चेहरा लाल झाला, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. इराप्पामामा तर नाचायलाच लागला. व्याही भला माणूस, टॉवेलनं डोळे पुसत स्वतःही हसत होते.

"हरलो! हरलो बाबा!" ते म्हणाले, आणि माझ्याकडं बघून कौतुकानं मान हलवली. "पोरी, काय हात हाय तुझा! आता एवढं कर, आषाढात आमचा राजशेखर दुकान ताब्यात घ्यायच्या आधी ही मोहरी त्येला शिकव. मिरजेचं आमचं दुकान थोरल्याकडं हाय, ह्येचं कसं व्हायचं ही काळजी होती. तुझ्या वडलांनी गादी द्यायचा शब्द दिला आन् सोयरीक जमली. आन् तू बी हसत सोडलीस म्हनं. असं मन मोठं पायजे."

पातेलं माझ्या हातात होतं. ते पडलं नाही, ह्याचं मला अजून नवल वाटतं.

"आप्पा," मी म्हटलं, "काय म्हणतायत हे?"

आप्पा शेजारच्या पानाशी वाकले होते. ते सरळ झाले, पण वर बघेनात. तुपाच्या वाटीत बघत म्हणाले, "सकाळी सांगितलं की तुला."

"सकाळी?"

"समद्यांसमोर सांगितलं. तू हसलीस."

"हसली, हसली!" इराप्पामामा आनंदानं ओरडला. तो अजूनही खेळातच होता. "मी साक्षीला हाय!"

तेव्हा मला कळलं. माझ्या बापानं शब्द आधीच देऊन टाकला होता. मला सांगायचं राहिलं होतं, आणि ते कसं सांगावं ह्याचा त्यांनी विचार केला असणार, कदाचित रात्रंदिवस. शेवटी त्यांनी सगळ्या वर्षातली अशी एकच जागा शोधून काढली, जिथं मला हात सोडता येत नाही आणि तोंड उघडता येत नाही. बरं, त्यात कपट होतं असंही म्हणवत नाही. मी हसले हे पाहून त्यांना बिचाऱ्यांना खरंच वाटलं असेल की सुटलो एकदाचे. मी काय काय बोललेलं आजवर ह्यांनी कानाआड केलं, आणि एकदा न बोलता हसले तर ते मात्र बरोबर ऐकलं!

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, तसं व्हायला हवं होतं. सगळे त्याचीच वाट बघत होते. मी मान वर केली तर सगळ्यांच्या चेहऱ्यावर तेच सकाळचं हसू. "आता बघा हां," कुणीतरी म्हणालं. "लांब सरा रे, अजून एक काठवट निघतीय मोहरी." हशा पिकला. व्याह्यांच्या बाजूची माणसंही कौतुकानं बघायला लागली. नवऱ्या मुलीची चिडकी बहीण कशी चिडते, हेही लग्नातलं एक बघण्यासारखं होतं.

मी ओरडले असते, पातेलं आपटलं असतं, तर त्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या, हे मला डोळ्यांसमोर दिसलं. आणि का कुणास ठाऊक, माझ्यातलं सगळंच एकदम गार झालं. मी पातेलं खाली ठेवलं. हात पदराला पुसले.

"आप्पा," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच ओळखू आला नाही इतका हळू होता. "सकाळी माझे हात मोहरीत होते. मला बोलता येत नव्हतं. आता माझे हात मोकळे आहेत. सकाळी जे सांगितलंत ते आता सांगा."

"जेवणं होऊ देत," आप्पा म्हणाले.

"होऊ देत. मी थांबते."

मी तिथंच उभी राहिले, पंगतीच्या मधोमध, वाढपी येतात जातात त्या वाटेवर. हळूहळू हसणं कमी झालं. जेवणारे घास घेऊन थांबले. आचाऱ्याचा माणूस भाताचं घमेलं घेऊन आला आणि मला बघून तसाच मागे उभा राहिला.

"शेटे," व्याही आप्पांकडं वळून म्हणाले, आता हसत नव्हते, "तुम्ही तर म्हनला, पोरीनं खुशीनं सोडलंय."

आप्पांनी तोंड उघडलं. "दुकान," ते म्हणाले. मग खोकला आला. खोकला ओसरला. पुन्हा म्हणाले, "दुकान," आणि माझ्याकडं बघितलं. आपला मवाळ बाप माणसांत असा उघडा पडलेला बघणं सोपं नसतं. एक शब्द मी बोलले असते, जाऊ द्या म्हटलं असतं, तर त्यांची सुटका झाली असती. मी नाही म्हटलं. मी फक्त वाट बघत राहिले. सांगा, एवढंच माझं मागणं होतं. माझ्या तोंडावर सांगा की मी हे दुकान तुझ्याकडून काढून घेतो. मग मी भांडेन, रडेन, नाहीतर किल्ल्या देऊन टाकेन. पण आधी सांगा तरी.

त्यांनी तुपाची वाटी कुणाच्या तरी हातात दिली आणि परसाच्या दारानं बाहेर गेले.

आता व्याही पानावरून उठतात की काय, असं सगळ्यांच्या मनात आलं. तसं झालं असतं तर शकूचं लग्न तिथंच नासलं असतं. मल्लाप्पा मेनकुदळे आपल्या ताटाकडं बघत बसले होते. नवरा मुलगा त्यांच्या कानाला लागून काहीतरी बोलला. त्यांनी एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं.

"भात आणा," ते म्हणाले.

भात आला. पंगत पुढं सुरू झाली. मी पातेलं उचललं आणि राहिलेल्या पानांवर रायतं वाढलं.

पाठवणीच्या वेळी शकू माझ्या गळ्यात पडली. बायका हुंदके देत होत्या. तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं आणि म्हणाली, "माझ्या लग्नात तरी राग आवरायचा होतास, आक्का. मी तिथं कुठल्या तोंडानं राहू आता?"

"मी कुठं रागावले?" मी म्हटलं.

"हेच," ती म्हणाली. "हेच तुझं." आणि गाडीत जाऊन बसली. तिला सगळं आधीपासून माहीत होतं का, हे मी तिला विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. पहिल्या दिवाळीला ती माहेरी आली नाही.

आषाढ आला. मी रोज दुकान उघडत होते. एके दिवशी राजशेखर आला, बाकावर बसला, चहा घेतला. कांडपाकडं बघत, मिरचीनं शिंकत, म्हणाला, "आक्का, तुम्हीच बघा हे. आपल्याच्यानं नाही होणार." मग त्यानं मिरजेतच कुठल्याशा कारखान्यात नोकरी धरली. चांगला मुलगा निघाला. ह्या सगळ्यात माझ्याशी सरळ बोललेला तेवढा एकच.

आप्पा पूर्वीसारखेच गादीवर येऊन बसायचे. आडत्याचा हिशेब, पावसाचं, देवळाच्या कळसाचं, सगळं बोलायचे. दुकानाचं कधी नाही. तुझं आहे, असंही पुन्हा म्हणाले नाहीत, आणि तुझं नाही, असंही नाही. मी वाट बघायचे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की कांडप बंद करून मुद्दाम त्यांच्यासमोर बसायचे, हात मांडीवर ठेवून. ते वर्तमानपत्र उघडायचे.

भावकीत ती गोष्ट आता पुढच्या पिढीपर्यंत गेली आहे. शकूच्या लग्नात आक्का काय भडकली होती, भर पंगतीत बापाला घालवलं तिनं! ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता अशी पोरं मला येऊन सांगतात, की मी पातेलं फेकून मारलं होतं. मी म्हणते, अरे, मी आवाजही वाढवला नव्हता, विचारा तुमच्या आजीला. तर त्यांची आजी, म्हणजे शकूच, कोपऱ्यात बसून तोंडाला पदर लावून हसते. आमचं बोलणं सुरू झालं नंतर. ह्या विषयावर सोडून.

आप्पा गेले ते दम्यानंच. शेवटच्या आजारात मी त्यांच्या उशाशी बसून असायचे. एका सकाळी त्यांना जरा बरं वाटत होतं. श्वास लागला नव्हता, पेज घेतली होती, खिडकीतून ऊन अंथरुणावर आलं होतं. मला वाटलं, आता नाही विचारलं तर राहूनच जाईल.

"आप्पा," मी म्हटलं, "दुकानाचं काय ठरवलंय तुम्ही?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. फार मायेनं बघितलं, खोटं कशाला बोलू.

"सांगितलं असतं," ते म्हणाले. "पर तू चिडशील."

"नाही चिडत, आप्पा. सांगा."

त्यांनी डोळे मिटले. झोपले नव्हते, मला कळत होतं. पापण्या हलत होत्या. मी त्यांच्या हातावर हात ठेवून, अगदी शांत, बसून राहिले. पेठेतून गाड्यांचे आवाज यायला लागले. कांडपाला मिरची घेऊन येणाऱ्या बायका एव्हाना दारात येऊन बसल्या असतील, हे मला दिसत होतं. आणखी थोडा वेळ बसले. मग उठले, त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि दुकान उघडायला गेले.